एक लिटरही नाही

कापूस वेचणीचे दिवस. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका फाट्यावर मिस्त्रीच्या टपरीपुढे शंभर सीसीची गाडी येऊन थांबली. मागे बायको, तिच्या मांडीवर डब्याची पिशवी, हँडलला दोन्हीकडून पाण्याच्या बाटल्या लटकवलेल्या. गडी उतरला आणि म्हणाला, "मिस्त्री, गाडी आवाज करून रायली. चढावर ओढत बी नाही." मिस्त्रीनं क्षणभर आवाज ऐकला, लगेच गाडी बंद करायला लावली, मेन स्टँडवर घेतली आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, काढली. फडक्यानं पुसली, पुन्हा बुडवली, बाहेर काढली. टोकाला काहीच लागलेलं नव्हतं. "भाऊ, ऑइल कवा पायलं होतं?" गडी गोंधळला. "पाहाचं काय? पोळ्याच्या टायमाले बदललं ना." आणि त्यानं सीटखालची, घडी घालून जपून ठेवलेली पावती काढून दाखवली. माणूस खोटं बोलत नव्हता, हयगय करणाराही नव्हता. ऑइल बदलावं लागतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दोन बदलांच्या मधे ते पाहावंही लागतं, एवढंच कुणी सांगितलं नव्हतं.

त्याचं ते गोंधळणं डोक्यातून जात नाही. कारण हाच कास्तकार पऱ्हाटीचं पान उलटून पाहतो, बोंड फोडून अळी शोधतो, बैलाचा खांदा सुजलाय का हे जू ठेवायच्या आधी चाचपतो. पाहण्याची सवय त्याला आपल्याहून जास्त. गाडीच्या बाबतीत मात्र हे पाहणं त्याच्याकडून काढून घेतलं गेलं आणि त्याच्या हातात पावती दिली गेली. गाडी म्हणजे तारखेला नेऊन द्यायची वस्तू, मधल्या दिवसांत फक्त पेट्रोल टाकायचं, अशी समजूत गावोगाव पक्की झाली आहे.

या गाड्यांत ऑइल बदलताना मावतं किती, तर एक लिटरही नाही.

बाजारात नऊशे मिलीचा डबा मिळतो तो याच हिशोबानं. तेवढ्याशा ऑइलवर पिस्टन चालतो, वर हेडमधला, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरतो, खाली क्लचप्लेटा आणि गिअरबॉक्स त्यातच बुडालेले असतात. शिवाय या इंजिनाला रेडिएटर नाही. थंड करणारी दोनच माणसं कामावर: समोरून येणारा वारा आणि आतलं ऑइल. नवतप्यात, मेअखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा तो वारा कसला, भट्टीची झळच ती. त्यातून पांदणीत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत असेल तर तोही लागत नाही. मग सगळा भार ऑइलवर. त्यातलं दोनशे-अडीचशे मिली कमी झालं तरी उरलेल्याला तेच काम जास्त गरम होऊन करावं लागतं, ते लवकर पातळ आणि काळं होतं, आणि सगळ्यात उंचावर असलेल्या कॅमला आणि रॉकरला सगळ्यात आधी कोरडं पडावं लागतं. वरून टिकटिक येऊ लागते ती इथली. ती टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट वाढल्याची असली तर थंड इंजिनावर फीलर गेज लावून पाच-दहा मिनिटांत भागतं. कॅमच खाल्लेला असला तर हेड उघडावं लागतं. आणि खालून जड ठोका येऊ लागला, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं की पूर्ण इंजिन खाली उतरवल्याशिवाय इलाज नाही. वेचणीच्या दिवसांत हा खर्च मजुरीच्या पैशातून निघतो, हे वेगळं सांगायला नको.

ऑइल कमी का होतं, हेही लोक विचारत नाहीत. चार-पाच वर्षं चाललेल्या गाडीच्या रिंगा थोड्या झिजतात आणि ऑइल पेट्रोलबरोबर जळू लागतं. सकाळी किक मारल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर दिसला तर तो याचाच. कधी ऑइल सोडायच्या ड्रेन बोल्टखालचा वायसर जुनाच परत लावलेला असतो आणि थेंब थेंब गळतो, कच्च्या अंगणात तो मुरून जातो, डागही दिसत नाही. म्हणून पाहायचं. सपाट जागी, मेन स्टँडवर. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवायचं, बंद करायचं, आणखी दोन-तीन मिनिटं थांबायचं म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली उतरतं. डिपस्टिक काढून पुसायची आणि परत घालताना पेच फिरवायचा नाही, नुसती टेकवायची. बहुतेक शंभर सीसी गाड्यांत माप असंच असतं, पेच फिरवला तर काडी जास्त आत जाते आणि कमी असलेलं ऑइल पुरेसं दिसतं. वरच्या आणि खालच्या खुणेच्या मधे पातळी हवी. खालच्या खुणेशी असेल तर वरपर्यंत भरायचं, त्याच्या वर मात्र नाही. जास्तीचं ऑइल फेसाळतं आणि ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये जाऊन बसतं. साइड स्टँडवर कललेल्या गाडीत पाहिलेलं माप काहीच सांगत नाही. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी सकाळी, एवढं केलं तरी पुरे.

डब्यावर काय लिहिलंय तेही वाचायला हवं. 10डब्ल्यू-30 हा दाटपणाचा आकडा बहुतेकांना पाठ असतो, पण त्याच्या शेजारची एमए ही दोन अक्षरं तितकीच मोलाची. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्येच भिजलेला असतो, आणि एमए म्हणजे अशा क्लचला चालणारं ऑइल. कारच्या कित्येक ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात; ती इथं आली की प्लेटा घसरतात, रेस वाढते पण गाडी पुढे जात नाही, आणि माणूस क्लचप्लेटा बदलत बसतो. कृषी केंद्रातून आणलेलं ट्रॅक्टरचं ऑइल उरलंय म्हणून गाडीत ओतणारेही आहेत. तसं करू नये. दुसरी गोष्ट ड्रेन बोल्टची. तो पोलादी, त्याचं घर ॲल्युमिनियमचं. गळती थांबावी म्हणून पाईप लावून जोरात आवळला की आटे जातात, आणि मग आयुष्यभर त्याला टेफलॉनची पट्टी गुंडाळत बसावं लागतं. नवा वायसर टाकून बेताचं आवळलं तर गळत नाही. आणि तिसरी गोष्ट क्वचितच कुणी करतं: स्प्लेंडर आणि तिच्या जातीच्या गाड्यांत कागदी ऑइल फिल्टर नसतो. क्लचच्या बाजूला फिरणारी एक वाटी असते, ती कचरा कडेला फेकते, आणि खाली एक जाळी. दोन्ही उघडून साफ करायला उजवं कव्हर काढावं लागतं, गॅसकेट नवं लागतं, तास-दीड तास जातो. म्हणून ते राहून जातं. ज्यांच्या गाडीनं अनेक वर्षं धूळ खाल्ली आहे त्यांनी एकदा ती वाटी उघडून पाहावी. आतला काळा, मळलेल्या कणकेइतका घट्ट थर बोटानं खरवडावा लागतो.

धुळीचा विषय निघालाच आहे तर सोयाबीनच्या मळणीचे दिवस आठवावेत. थ्रेशर चालू असतं, भुशाचा पिवळा ढग वावरभर पसरलेला असतो आणि त्याच वाऱ्याच्या दिशेला तीन-चार गाड्या लावलेल्या असतात. मळणी झाली की त्याच गाड्या किक मारून निघतात. पहिल्या किकबरोबर इंजिन काय ओढतं याची कल्पना करा. साइड कव्हरच्या आतला एअर फिल्टर हेच एक दार राखणारं आहे, आणि तोच सगळ्यात दुर्लक्षित. जुन्या गाड्यांत स्पंज असायचा. तो रॉकेलमध्ये धुवायचा, पिळायचा नाही तर दाबायचा, वाळवायचा, गिअर ऑइलमध्ये बुडवून पुन्हा दाबून जास्तीचं काढायचं. आताच्या बऱ्याच गाड्यांत कागदी फिल्टर येतो आणि तो तेलकट द्रावात भिजवलेला असतो. त्याला हवा मारून साफ करायचं नसतं, धुवायचंही नसतं, भरला की बदलायचा. पण पंक्चरच्या दुकानात कंप्रेसर दिसला की हवा मारायचा मोह होतो. हवेनं धूळ थोडी उडते, कागदाच्या घडीला न दिसणारं भोक पडतं, आणि तिथून काळ्या मातीचा बारीक कण थेट सिलिंडरमध्ये जातो. तो कण रिंगा आणि बोअर घासत राहतो. बदलण्यासाठी पुस्तकात जे किलोमीटर दिलेले असतात ते डांबरी रस्त्याच्या हिशोबानं. खुद्द पुस्तकातच धुळीच्या भागात लवकर बदला अशी ओळ असते. आपल्याकडे ते अंतर निम्मं धरावं. फिल्टर काढूनच टाकला म्हणजे गाडी 'मोकळी' पळते असं सांगणारे दर गावात दोन-चार भेटतात. ती खरंच थोडे दिवस मोकळी पळते. मग बोअर करावा लागतो, पहिला ओव्हरसाइज पिस्टन पाव मिलिमीटरचा, मग अर्ध्याचा, मग पाऊण, मग एक मिलिमीटर. त्यापुढे सिलिंडरच नवा.

आणि पावसाळा?

कोरडवाहू भारी जमिनीतून जाणारी पांदण जुलैत कशी होते हे विदर्भातल्या माणसाला सांगावं लागत नाही. हलक्या मातीचा चिखल उडतो, काळ्या मातीचा चिकटतो. पहिल्या वीस-पंचवीस पावलांत टायरची नक्षी भरते, मग टायरवर मातीचा दुसरा टायर चढतो, मग तो मडगार्डला आतून घासू लागतो आणि पुढचं चाक जागच्या जागी थांबतं. गाडी चालू, इंजिन ओरडतंय, चाक फिरत नाही. इथं रेस देत राहणं सगळ्यात वाईट: क्लच जळतो, वास येतो, आणि त्या दिवसापासून प्लेटा घसरायला लागतात. उतरून काडीनं किंवा लांब पेचकसानं मडगार्डच्या आतली माती काढणं हाच उपाय, आणि अर्धवट ओल्या मातीपेक्षा पाणी साचलेल्या चाकोरीतून नेणं बरं, पाण्यानं ती थोडी सुटते. कित्येक जण पावसाळाभर पुढचं मडगार्ड काढून ठेवतात किंवा बुशा घालून वर उचलतात. उचलणं चालेल. पूर्ण काढलं तर चिखल आणि खडे इंजिनाच्या पंख्यांमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पातळ पात्यांमध्ये, जाऊन बसतात, सुकतात, आणि ज्या पंख्यांनी वाऱ्याला उष्णता द्यायची तेच बंद होतात. मागच्या चाकाचा साडी गार्ड मात्र कधीच काढू नये, चिखल कितीही अडको. मागे एका बाजूनं बसलेल्या बाईचा पदर चाकात जायला एक झटका पुरतो.

चिखलातून घरी आलेली गाडी धुवायची कशानं, हाही प्रश्न आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारट. त्या पाण्यानं गाडी धुतली की वाळल्यावर नळीवर, रिमवर, तारांवर पांढुरका थर दिसतो. तो मीठच. सायलेन्सर आधी खालून सडतो, मग तारांची टोकं, मग चेन. त्या भागात शेवटचा एक डबा गोड्या पाण्याचा मारला आणि फडक्यानं कोरडं केलं तर फरक दिसतो. पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या मध्यावर आणि हँडलखालच्या कोनसेटवर (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगवर) धरू नये, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि ग्रीस बाहेर येतं. कोनसेट गेला की नाही हे ओळखणं सोपं आहे: पुढचं चाक उचलून धरायचं आणि हँडल हळू डावी-उजवीकडे फिरवायचं. सरळ रेषेत आल्यावर ते कुठेतरी बसल्यासारखं अडकलं तर कोनसेटला खड्डे पडलेत.

चेन बंद कव्हरात असते म्हणून दिसत नाही आणि दिसत नाही म्हणून विसरली जाते. कव्हरवर रबराचं बूच असतं, ते काढून बोटानं चेन वर-खाली करायची. वीस ते तीस मिलिमीटर हलली पाहिजे. चाक थोडं थोडं फिरवून चार ठिकाणी पाहावं, कारण झिजलेली चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल असते. आवळताना मागच्या ॲक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारख्याच खुणेवर आणायचे, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि टायर एका कडेनं खातो. जळकं ऑइल चेनला लावायची पद्धत सगळीकडे आहे. त्यात गाडीच्याच लोखंडाचा चुरा असतो, त्यापेक्षा 90 नंबरचं गिअर ऑइल लावावं. आणि एक गोष्ट हमखास राहते. चेन आवळली म्हणजे चाक मागे गेलं, म्हणजे मागच्या ब्रेकचा रॉड ताणला गेला. ब्रेक चिकटलेला राहतो, ड्रम तापतो, ॲव्हरेज पडतं आणि मालक पेट्रोल पंपावाल्याला बोलतो. पायाचा ब्रेक वीस-तीस मिलिमीटर मोकळा दबला पाहिजे, तेवढं पाहूनच पाना खाली ठेवायचा.

टायरमधल्या हवेबद्दलची एक समजूत मात्र इतकी घातक आहे की तिच्याशी भांडावंसं वाटतं. उन्हाळा आला की 'टायर फुटेल' म्हणून हवा कमी करतात. होतं उलटं. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीत जास्त चेपतो, चेपण्यानंच तापतो, बाजूनं चिरतो आणि ट्यूब आत चिमटली जाते. हवा सकाळी, टायर थंड असताना, पुस्तकात आहे तितकीच. स्प्लेंडरला पुढे 25 पीएसआय, मागे एकट्यासाठी 28, दोघांसाठी 40 च्या आसपास. हा मागचा आकडा फार कुणी पाळत नाही. दोघं बसतात, शिवाय टाकीवर पंचेचाळीस किलोची युरियाची गोणी, आणि हवा एकट्याचीच. कंपनी अशा गाडीला चालवणाऱ्यासकट साधारण 130 किलोचा भार सांगते, हे वाचून गावात कुणी थांबणार नाही, थांबणं परवडतही नाही. निदान ओझं वाहायच्या दिवशी हवा वाढवावी, मागचे शॉकअप पान्यानं एक-दोन खाचा घट्ट करावेत, आणि ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबते ते डांबरावर आधी आजमावून घ्यावं. पंक्चर काढताना टायर आतून कापडानं फिरवून पाहिल्याशिवाय ट्यूब परत घालू देऊ नये. बाभळीचा काटा टायरमध्ये अर्धा मोडून राहतो आणि दुसऱ्या दिवशी तिथंच टोचतो. मेळघाटात उतारावर गाडी न्यूट्रल करून, बंद करून पेट्रोल वाचवणारे दिसतात. ड्रम ब्रेक लांब उतारावर तापले की पकड सोडतात. चढताना जो गिअर लागला तोच उतरताना ठेवावा.

स्कूटर आता गावातही आली. शाळेतल्या बाई, आशाताई, कॉलेजच्या पोरी, सगळ्यांना तिनं पाय दिले, आणि याचा आनंद कितीही मानला तरी कमीच. पण तिच्यातही तेच घडतं. तिच्यात ऑइल दोन जागी असतं. इंजिनाचं सगळ्यांना माहीत. मागच्या चाकापाशी गिअरचं वेगळं, शंभर-सव्वाशे मिली, ते कित्येक गाड्यांत पहिल्या दिवसापासून तेच असतं. मागून घरघर येऊ लागली की मग आठवण होते.

शोरूममध्ये नवी गाडी देताना नारळ फुटतो, हार घातला जातो, फोटो निघतो, पेढे वाटतात. हे सगळं असावं, घरात गाडी येणं मोठी गोष्ट आहे. त्याच दहा मिनिटांत त्या माणसाच्या हातात डिपस्टिक द्यायला काय हरकत आहे? बायकोच्या हातात, पोराच्या हातातही द्यावी, कारण पुष्कळदा गाडीवर तेच असतात. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बहुतेक बीएस-सहा (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत कार्ब्युरेटर गेला, इंजेक्टर आणि पंप आला, आणि फाट्यावरच्या मिस्त्रीच्या हातातून बरंच काही सुटलं. टाकीत पेट्रोल अगदी तळाला जाऊ द्यायचं नाही, कारण टाकीतला पंप पेट्रोलमध्येच थंड राहतो. बॅटरी पार बसली की पूर्वीसारखं ढकलून चालू होईल याचा भरवसा नाही. अशा गाडीत मालकानं करायचं म्हणून जे थोडं उरलं, तेही त्याला कुणी दाखवलं नाही तर तो पावतीवरच विसंबून राहणार. त्यात त्याचा दोष कसा धरायचा?

वावर गावापासून लांब असेल तर गाडीसोबत चार वस्तू असाव्यात: प्लग पाना आणि एक जुना पण चालू प्लग, चेनचं एक लॉक, दहा नंबरचा पाना, आणि क्लचची केबल. लॉक बसवताना त्याच्या पत्तीचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवं, उघडं तोंड पुढे ठेवलं तर पत्ती निसटते. केबल तुटते ती बहुधा हँडलच्या मुठीपाशी, जिथं तिचं शिशाचं बोंड असतं. तुटायच्या आधी दोन-चार तारा सुटलेल्या दिसतात आणि क्लच जड होतो. नवी केबल पिशवीत ठेवण्यापेक्षा जुन्या केबलच्या शेजारूनच ओवून, दोन्ही टोकांना टेप गुंडाळून बांधून ठेवावी. मग संध्याकाळी नाल्यापलीकडे तार तुटली तरी टाकी काढायला नको, फक्त दोन टोकं बदलायची. तीही नसेल तर गाडी न्यूट्रलमध्ये चालू करायची, ढकलत पळायचं, बसता बसता पहिला टाकायचा, पुढे रेस सोडून गिअर बदलायचे आणि थांबायच्या बरंच आधी न्यूट्रल करायची. केबल घेताना आपल्याच मॉडेलची घ्यावी आणि बांधल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावं. लांबी कमी पडली तर वळणावर क्लच आपोआप ओढला जातो आणि ओझ्याची गाडी चढावर मागे येते.